नकार न देणारा नट

१

यंत्रमानव रंगमंचावर नट म्हणून उभा राहतो, ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. जपानमध्ये २००८ साली ओरिझा हिराता या नाटककाराने यंत्रमानवांना भूमिका देऊन नाटक बसवले. जर्मनीत म्युनिक येथे २०१८ साली एका लेखकाचा हुबेहूब यांत्रिक पुतळा खुर्चीत बसून तासभर बोलला आणि तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांनी तो ऐकला. त्याच्या आधी, ३० डिसेंबर २०१७ रोजी, मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये ‘सोफिया’ नावाची यंत्रस्त्री साडी नेसून व्यासपीठावर आली व नमस्कार करून बोलू लागली. तरुणांनी तिच्यासाठी गर्दी केली.

या घटनांची आपल्याकडे दोन प्रकारे दखल घेतली जाते. पहिला प्रकार विस्मयाचा. यंत्र किती हुबेहूब हसते, पापणी कशी लववते, याची वर्णने. दुसरा प्रकार भयाचा. आता नटाचे काय होणार, कलेतला आत्मा हरवणार काय, अशी चिंता. या दोन्ही प्रतिक्रिया खुर्चीत बसून नाटक पाहणाऱ्या वर्गाच्या आहेत. सोलापूर-विजापूर रस्त्यावरच्या मंद्रूपसारख्या गावी राहून मी या विषयाचा विचार करतो, तेव्हा मला यातले विस्मयही वाटत नाही आणि भयही वाटत नाही. मला प्रश्न पडतो तो असा की, न थकणारा, न रुसणारा, मोबदला न मागणारा आणि कधीही नाही न म्हणणारा नट या देशात प्रथमच येतो आहे काय? की अशा नटाची सवय आपल्या प्रेक्षकाला फार जुनी आहे?

यंत्रमानवाच्या अभिनयाची समीक्षा करायची तर या प्रश्नापासून सुरुवात केली पाहिजे, असे माझे मत आहे. कारण यंत्र चांगले चालले की वाईट, हे सांगण्यासाठी समीक्षकाची गरज नाही. ते काम मेकॅनिक करील.

२

‘रोबो’ हा शब्द प्रयोगशाळेतून आलेला नाही, तो नाटकातून आला आहे. कारेल चापेक या चेक लेखकाचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि २५ जानेवारी १९२१ रोजी प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात रंगमंचावर आले. नाटकात कारखान्यात तयार केलेले कृत्रिम कामगार आहेत. त्यांना काय म्हणावे हे चापेकला सुचेना, तेव्हा त्याचा चित्रकार भाऊ योसेफ याने ‘रोबोट’ हे नाव सुचवले. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे वेठ. जमीनदाराच्या शेतावर कुळाने ठरलेले दिवस बिनमजुरीने राबायचे, ही रोबोता. बोहेमियात ती १८४८ साली बंद झाली. म्हणजे रोबो या शब्दाचा सरळ मराठी अर्थ करायचा तर तो ‘यंत्रमानव’ असा होत नाही. तो ‘वेठ्या’ असा होतो.

हा अर्थ आमच्या आजोबा-पणजोबांना समजावून सांगावा लागला नसता. मंद्रूप सीमेजवळचे गाव. भीमा ओलांडली की कर्नाटक लागते. इकडे वेठ म्हणतात, तिकडे बिट्टी म्हणतात. शब्द बदलला तरी राबणारे हात तेच राहिले. गावात वर्दी देणे, सरकारी बोजा वाहणे, अंमलदाराच्या पुढे धावणे, मेलेले जनावर ओढून नेणे ही कामे महार वतनाच्या नावाखाली चालत. वतन या भारदस्त शब्दाने वेठीला अंगरखा घातला होता. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. कनिष्ठ वतने नष्ट करणारा कायदा व्हायला मात्र १९५८ साल उजाडले. बोहेमियातला कुळवाडी आमच्यापेक्षा एकशे दहा वर्षे आधी सुटला.

चापेकच्या नाटकातले रोबो लोखंडाचे नाहीत. ते दिसायला माणसासारखेच आहेत. उत्पादनाला ज्याचा उपयोग नाही ते सारे त्यांच्यातून वगळले आहे. आनंद नको, भीती नको, प्रेम नको, कारण त्याने कामाचा खोळंबा होतो. पुढे हे रोबो बंड करतात आणि मनुष्यजात संपवतात. फक्त आल्क्विस्ट नावाच्या एका माणसाला ते जिवंत ठेवतात, कारण तो स्वतःच्या हातांनी काम करतो. श्रम करणारा तेवढा वाचतो, हा चापेकचा न्याय लक्षात ठेवण्याजोगा आहे. शेवटी रोबो बनवण्याची हरवलेली विद्या पुन्हा शोधण्यासाठी आल्क्विस्टला एका रोबोचे शरीर फाडायचे असते. तेव्हा प्रिमस आणि हेलेना हे दोन रोबो एकमेकांसाठी आडवे येतात. माझा जीव घे, पण याला हात लावू देणार नाही, अशी त्यांची भूमिका असते. तिथे आल्क्विस्टला उमगते की समोर यंत्र नाही, माणूस उभा आहे.

ज्या नाटकाने जगाला रोबो दिला, त्याच नाटकात रोबो माणूस झाल्याची खूण ‘नकार’ ही आहे. दलित साहित्याच्या वाचकाला या शब्दाची ओळख करून देण्याची गरज नाही. नकारातूनच आपल्या साहित्याला वाणी फुटली. माणूस माणसासारखा वागतो की नाही हे तो काय करू शकतो यावरून ठरत नसून, तो कशाला नाही म्हणू शकतो यावरून ठरते. नटालाही मी हीच कसोटी लावतो.

३

आता आपल्या परंपरेकडे वळू. नाट्यशास्त्राला पाचवा वेद म्हणून गौरवण्याची प्रथा आहे. त्याच नाट्यशास्त्राच्या शेवटाला एक कथा येते. भरताच्या पुत्रांनी ऋषींची नक्कल करून त्यांची टवाळी केली, म्हणून ऋषींनी त्यांना शूद्रत्वाचा शाप दिला. नटाने सत्तेची नक्कल केली आणि त्याची जात खाली गेली. मनुस्मृतीतही नटाचे अन्न वर्ज्य ठरवले आहे. नाट्य पवित्र आणि नट अपवित्र, ही विभागणी आमच्या अभिजनांच्या सौंदर्यशास्त्राने कधी तपासली नाही.

दुसरी साक्ष राजा भोजाची. अकराव्या शतकातल्या ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथात यंत्रांवर एक प्रकरण आहे. नाचणाऱ्या, वाद्य वाजवणाऱ्या, पाणी देणाऱ्या यांत्रिक बाहुल्या आणि दारावर पहारा करणारे यांत्रिक पुरुष यांचे वर्णन त्यात येते. ही यंत्रे जोडायची कशी हे मात्र सांगितलेले नाही आणि ते गुप्ततेसाठी सांगितले नाही असा खुलासाही तिथेच केला आहे. दोन गोष्टी इथे एकत्र दिसतात. राजवाड्याला दासी हवी, पण तिला तोंड नको. आणि तिला घडवण्याची विद्या कोणाला कळता कामा नये. रोबोची कल्पना परदेशातून आली असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे.

राजवाड्याला पोथीतली यंत्रे मिळाली असतील वा नसतील, गावाला मात्र जिवंत यंत्रे मिळाली. तमाशाचा फड घ्या. मांग, महार, कोल्हाटी अशा जातींनी तो उभा केला. दसऱ्याला हंगाम सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमाराला संपतो. कलावंत फडमालकाकडून उचल घेतो, फडमालक सावकाराकडून घेतो. उचल फिटेपर्यंत कलावंत बांधलेला. आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मोडनिंबची कलाकेंद्रे प्रसिद्ध आहेत. करमाळा तालुक्यातल्या नेरल्याच्या किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ साली ‘कोल्हाट्याचं पोर’ लिहिले, तेव्हा या बोर्डाच्या मागची बाजू मराठी वाचकापुढे आली. बोर्डावर नाचणारी बाई कोणाची तरी आई असते आणि ती नाचते म्हणून घर जेवते, हे त्या पुस्तकाने सांगितले. त्याआधी तमाशावर लिहिणाऱ्या रसिकांना लावणीतला शृंगार दिसत होता, उचल दिसत नव्हती.

विठाबाई नारायणगावकर यांचा जन्म आमच्याच जिल्ह्यातला, पंढरपूरचा. त्यांच्याबद्दलची एक घटना तमाशाच्या जगात सर्वश्रुत आहे. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या होत्या. खेळ चालू असताना कळा सुरू झाल्या. पडद्यामागे बाळंतपण झाले, दगडाने नाळ तोडली आणि विठाबाई पुन्हा नाचायला बाहेर आल्या. ही कथा आपल्याकडे कलेवरच्या निष्ठेची कथा म्हणून सांगितली जाते. मला ती तशी सांगताना संकोच वाटतो. निष्ठा होतीच, ती नाकारण्याचा मला अधिकार नाही. पण जिला खेळ बंद ठेवण्याचा पर्यायच दिला गेला नाही, तिच्या निष्ठेचे कौतुक करणे प्रेक्षकाला फार सोयीचे जाते. पुढे विठाबाईंना मानसन्मान मिळाले आणि अखेरचे आजारपण हलाखीत गेले. २००२ साली त्या वारल्या.

या घटनेचा शेवट बहुतेक जण घाईने सांगतात. मला तोच महत्त्वाचा वाटतो. विठाबाई परत बोर्डावर आल्या तेव्हा प्रेक्षकांना त्यांच्या शरीराकडे पाहून काय झाले ते कळले आणि त्यांनी खेळ थांबवायला लावला. पैसे देऊन बसलेल्या माणसांनी आता पुरे म्हटले. समोरची बाई नाही म्हणू शकत नव्हती, म्हणून तिच्या वतीने प्रेक्षकांनी नकार दिला. नाट्यगृहात नट आणि प्रेक्षक यांच्यामध्ये जे काही घडते, त्याचा पाया मला या क्षणात दिसतो. समोर दुखणारे शरीर आहे, हे ठाऊक असणे. यंत्रमानवाच्या प्रयोगात हा क्षण येऊ शकत नाही. तिथे प्रयोग थांबतो तो बिघाड झाला म्हणून. मुंबईच्या कार्यक्रमात सोफिया मध्येच काही वेळ गप्प झाली होती आणि तांत्रिक अडचण असल्याचे सांगण्यात आले. यंत्राचे मौन आणि माणसाचे मौन यांत हा फरक आहे. माणूस गप्प झाला तर त्यामागे कारण असते आणि ते कारण विचारता येते.

त्याच सोफियाला २०१७ च्या ऑक्टोबरात सौदी अरेबियाने नागरिकत्व जाहीर केले होते. ज्या देशांत राबायला गेलेला मजूर वर्षानुवर्षे परकाच राहतो, तिथे बाहुली एका दिवसात नागरिक झाली. याहून अधिक भाष्य करण्याची गरज नाही.

४

यंत्रनाट्याच्या सगळ्याच प्रयोगांना मी एका तराजूत घालत नाही. चित्रफितींवरून व त्यांवरील लेखनावरून माझे असे मत झाले आहे की, हिराता हा विचार करणारा नाटककार आहे. त्याच्या २००८ च्या नाटकाचे नावच ‘मी, कामगार’ असे आहे. एका जोडप्याच्या घरी दोन यंत्रमानव कामाला आहेत. त्यातल्या एकाची काम करण्याची इच्छाच संपते. घरातला माणूसही कामाविना बसलेला आहे. काम न करणारा माणूस आणि काम न करणारे यंत्र एका छताखाली आणून हिराता विचारतो की, कामाशिवाय या दोघांना काही अर्थ आहे काय? इथे यंत्राने नाही म्हटले आहे. पण ते नाही नाटककाराने लिहिलेले आहे. यंत्राने ते उच्चारले तेही हुकमानेच. नकारही आज्ञेवरून द्यावा लागतो, ही त्या प्रयोगातली विसंगती हिराताला ठाऊक असावी आणि म्हणूनच त्याचे नाटक मला प्रामाणिक वाटते.

२०१० च्या त्याच्या ‘सायोनारा’ या छोट्या नाटकात मरणाला टेकलेल्या मुलीला एक यंत्रस्त्री कविता वाचून दाखवते. ही यंत्रस्त्री बोलते कशी? पडद्यामागे एक नटी बसलेली असते. तिचा आवाज आणि तिच्या चेहऱ्याच्या हालचाली पुढच्या बाहुलीत उतरतात. टाळ्या बाहुलीला मिळतात. मागे बसलेल्या बाईचे श्रम झाकून पुढे चमत्कार उभा करणे हे आपल्याला नवे नाही. दळणाच्या जात्यापासून सोलापूरच्या मागापर्यंत, वस्तू दिसते आणि हात दिसत नाही. चादरीच्या नक्षीचे कौतुक होते, मागासमोर उभे राहून सुजलेल्या पायांचे होत नाही.

२०११ साली फुकुशिमाचा अणुभट्टीचा अपघात झाला, त्यानंतर हिराताने ‘सायोनारा’ला आणखी एक प्रवेश जोडला. मुलगी मरण पावल्यावर त्या यंत्रस्त्रीला फुकुशिमाला पाठवतात. किरणोत्सर्गामुळे जिथे माणूस जाऊ शकत नाही तिथे तिने मेलेल्यांसाठी कविता वाचायच्या. हा प्रवेश मला अस्वस्थ करतो. जिथे माणसाने जाऊ नये तिथे यंत्र पाठवावे, हे त्या समाजाला सहज सुचते. आपल्या समाजाला ते सुचायला किती काळ लागला? याचा विचार पुढे करतो.

म्युनिकच्या प्रयोगाची गोष्ट निराळी. थॉमस मेले हा लेखक. त्याला मनोविकाराचा त्रास आहे आणि त्याने त्यावर उघडपणे लिहिले आहे. लोकांपुढे वारंवार उभे राहणे त्याला जड जाते. म्हणून रिमिनी प्रोटोकॉल या नाट्यसंस्थेच्या श्टेफान केगी या दिग्दर्शकाने त्याचा यांत्रिक जोडीदार तयार करवला आणि तो त्याच्या जागी रंगमंचावर बसवला. लेखक घरी राहू शकतो, त्याचे बाहुले काम करते. इथे यंत्राने माणसाला नकार देण्याची सोय करून दिली आहे. मी या प्रयोगाकडे आदराने पाहतो.

पण तो पाहताना मला पुन्हा विठाबाई आठवतात. त्या रात्री त्यांच्या जागी नाचायला एखादी बाहुली असती तर? तर त्यांना बाजेवर पडून राहता आले असते, असे वाटते. नीट विचार केला तर तसे झाले नसते. बाहुली फडमालकाच्या मालकीची असती. विठाबाईंची उचल अंगावर राहिली असती आणि पोट उपाशी राहिले असते. मेलेच्या बाहुल्याचा धनी मेले आहे, त्याला त्या बाहुल्याच्या प्रयोगाने नाव मिळते. बोर्डावरच्या बाईच्या बाहुलीचा धनी दुसराच कोणी असतो. म्हणून यंत्र रंगमंचावर चांगले की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. यंत्र कोणाचे आहे आणि त्याच्यामुळे कोणाला विसावा मिळतो, हे विचारल्याशिवाय त्याच्या कलेचा हिशेब लागत नाही.

५

हे सारे जपान-जर्मनीचे झाले. आपल्याकडे यंत्रनट नाहीत असे कोणी समजू नये. ते गल्लोगल्ली आहेत. गणेशोत्सवातले हलते देखावे हे मराठी माणसाचे यंत्रनाट्यच होय. लाकडाचा किंवा लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर प्लॅस्टर वा फायबरचा चेहरा, अंगावर खरे कपडे, आत छोटी मोटर. मोटर गोल फिरते, तिला जोडलेला दांडा ती गोल गती वर-खाली करतो आणि मूर्तीचा हात हलतो. सोबत ध्वनिमुद्रित निवेदन, दिवे, ढगांचा गडगडाट. पाच-सात मिनिटांचा प्रवेश संपला की पुढची गर्दी आत सोडायची. आता हे देखावे आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीतही ट्रॅक्टरवर चढले आहेत. सोलापुरातली मिरवणूक पाहायला आमच्या भागातले लोक मुद्दाम जातात आणि तिथे पाहिलेले गावात करण्याची हौस मुलांना असते.

आमच्याकडच्या अशा एका देखाव्याचे परीक्षण इथे करतो. विषय महाडच्या चवदार तळ्याचा. निळ्या कागदावर पाणी, त्यावर दिवे. काठावर बाबासाहेबांची मूर्ती वाकलेली. बटण दाबले की हात खाली जातो, ओंजळ पाण्याला टेकते, हात वर येऊ लागतो, छातीपाशी थांबतो आणि पुन्हा खाली जातो. पाणी तोंडापर्यंत पोचतच नाही. कारागीर मुलाला विचारले तर तो म्हणाला, कोपराला आणखी एक सांधा द्यायचा तर दुसरी मोटर लागते आणि तेवढे पैसे वर्गणीत बसत नाहीत. त्याचे म्हणणे खरे होते. गर्दीतल्या एका म्हाताऱ्या बाईने हात जोडले, बराच वेळ पाहिले आणि शेजारणीला विचारले, “बाबासाहेब पाणी पित्यात कवा?”

या देखाव्यावरची सर्वांत नेमकी समीक्षा मला त्या प्रश्नात सापडली. २० मार्च १९२७ रोजी महाडला जे घडले ते एकदा घडले. हजारो माणसे चालत गेली. पाणी प्यायल्यावर काय होईल याची कल्पना त्यांना होती. परतताना त्यांना मारही खावा लागला. त्या ओंजळीला अर्थ आला तो तिच्यातल्या निर्णयाने. तीच ओंजळ मोटरवर बसवली की ती दर आठ सेकंदांनी उठते आणि पडते. तिच्यात धोका नाही, निर्णय नाही, परिणाम नाही. सत्याग्रहाची आरती होते. ज्या कृतीने हजारो वर्षांची वेठ मोडली, तिलाच आपण यंत्राच्या वेठीला जुंपतो. मूर्तिपूजा नाकारणाऱ्या चळवळीत हलती मूर्ती आली, तर ती स्थिर मूर्तीपेक्षा कमी धोक्याची असते असे मला वाटत नाही. ती जिवंत असल्याचा भास निर्माण करते, एवढेच.

तरीही देखावा करणाऱ्या मुलांना मी दोष देणार नाही. मोटर बसवणारा तो मुलगा आय.टी.आय. झालेला. वायरिंग त्याने केले, दांड्याचे माप त्यानेच काढले. भोजाने गुप्त ठेवलेली विद्या आज वस्तीतल्या मुलाच्या बोटांत आली आहे, ही गोष्ट साधी नाही आणि तिचा मला आनंद आहे. माझे म्हणणे इतकेच की, या विद्येने काय हलवावे आणि काय हलवू नये याचा विचार आपण केला पाहिजे. तळ्याच्या लाटा मोटरवर हलू द्या, दिवे मोटरवर फिरू द्या. पाणी पिणारी ओंजळ मात्र माणसाची असू द्या. वस्तीतला एखादा मुलगा किंवा मुलगी रात्रभर तिथे वाकू शकणार नाही, थकेल, आणि थकला की दुसरा येईल. त्या थकण्यातच महाड जास्त कळेल. प्रेमानंद गज्वींनी ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका १९७७ साली दिली. तिला ना दिव्यांचा थाट लागतो ना यंत्र. तहानलेले नट लागतात.

पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्यांशी तुलना केली तरी हा फरक कळतो. तिथेही बाहुलीच आहे. पण दोरीच्या दुसऱ्या टोकाला बोटे आहेत. मुले हसली की ती बोटे थांबतात, हशा ओसरला की पुन्हा चालतात. समोर कोण बसले आहे याची मोटरला खबर नसते.

६

आता कोणी म्हणेल की तुम्ही यंत्राच्या विरुद्ध आहात. तसे मुळीच नाही. यंत्रद्वेष ही आपली परंपरा नव्हे. बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले या पुस्तकात गांधीवादाचा समाचार घेताना यंत्राची बाजू घेतली आहे. पशूसारखे राबण्यातून माणसाला सोडवून त्याला फुरसत द्यायची तर यंत्र हवेच, आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. यंत्रामुळे जे वाईट घडते त्याचा दोष यंत्राचा नसून समाजरचनेचा आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले आहे. यंत्रनाट्याकडे पाहण्याची आपली दृष्टी इथूनच घडली पाहिजे.

या दृष्टीने पाहिले तर रंगमंचावरचा रोबो कोड्यात टाकतो. यंत्राने वेठ उचलायची आणि मोकळ्या झालेल्या माणसाने गावे, नाचावे, नाटक करावे, अशी ती अपेक्षा होती. प्रत्यक्षात यंत्र नाटक करू लागले आणि वेठ माणसाकडेच राहिली. हाताने मैला साफ करायला लावण्यास बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ साली झाला, दुसरा २०१३ साली. त्यानंतरही माणसे गटारात उतरवली जातात आणि गुदमरून मरतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई तीस लाख रुपये ठरवली. भरपाई वाढवावी लागली याचाच अर्थ उतरणे थांबलेले नाही. केरळातल्या तरुण अभियंत्यांनी २०१८ साली गटार साफ करणारा यंत्रमानव प्रत्यक्ष वापरात आणून दाखवला. म्हणजे विद्या आहे, यंत्र आहे. फुकुशिमात जिथे माणूस नको तिथे यंत्र पाठवावे हे हिराताला जसे सुचले, तसे आपल्या नगरपालिकांना का सुचत नाही, याचे उत्तर यंत्रशास्त्रात मिळणार नाही. ते गटारात उतरणाऱ्याच्या जातीत आहे. ज्याच्या जिवाची किंमत यंत्रापेक्षा कमी धरली जाते, त्याच्या जागी यंत्र कोण विकत घेईल?

रंगभूमीने याला काय उत्तर द्यावे? आपल्यापुढे दोन उदाहरणे आहेत. दिल्लीच्या जन नाट्य मंचाने १९७८ साली ‘मशीन’ हे पथनाट्य केले. सफदर हाश्मी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या त्या प्रयोगात नटांनी आपल्या शरीरांचेच यंत्र केले. हात वर-खाली, माना इकडे-तिकडे, तोंडाने आवाज. आणि ते यंत्र चालता चालता थांबते. कारखान्यातल्या कामगाराने काम थांबवले की काय होते, हे त्या थांबण्यातून कळते. रोबोने माणसाचे सोंग घ्यावे यापेक्षा माणसाने यंत्राचे सोंग घेऊन ते मध्येच मोडावे, हे नाट्य मला अधिक मोलाचे वाटते.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे. आंबेडकरी जलसा. भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी तमाशाची तीच ढोलकी, तेच तुणतुणे घेतले. त्याच जातींची माणसे बोर्डावर उभी राहिली. फरक इतकाच झाला की, ती आता सुपारीसाठी उभी नव्हती. दिवसा कष्ट करायचे आणि रात्री आपल्या मर्जीने आपल्या माणसांपुढे गायचे. अण्णा भाऊ साठ्यांनी लोकनाट्याच्या गणातून देवाला बाजूला करून मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन केले. साधन जुने, कलावंत जुना, पण त्याला नाही म्हणता येऊ लागले. वेठ्याचा नट झाला तो असा. आपल्या रंगभूमीचा हा सर्वांत मोठा शोध आहे आणि कोणत्याही प्रयोगशाळेतल्या शोधापुढे तो फिका पडत नाही.

म्हणून रंगमंचावर रोबो आला तर त्याला आपण हाकलू नये. त्याला पाहावे, त्याच्यामागे कोण बसले आहे ते पाहावे आणि त्याचा धनी कोण हेही विचारावे. शरणकुमार लिंबाळे हे आमच्याच जिल्ह्यातले, अक्कलकोट तालुक्यातले. साहित्याच्या मूल्यांची चर्चा आनंदापाशी न थांबवता ती स्वातंत्र्यापर्यंत नेली पाहिजे, असे त्यांनी दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्रात मांडले. ती कसोटी यंत्रनटालाही लावली पाहिजे. त्याच्या प्रयोगाने कोणाची वेठ कमी झाली? गटारात उतरणारा एक माणूस जरी वर आला, उचलीत अडकलेली एक बाई जरी आजच्या रात्री नाचणार नाही असे म्हणू शकली, तर त्या यंत्राला मी कलावंत म्हणायला तयार आहे. तोपर्यंत मी त्याला ‘रोबोता’ या शब्दाच्या मूळ अर्थानेच ओळखीन. तो नव्या मालकाचा नवा वेठ्या आहे, आणि जुने वेठ्ये अजून सुटलेले नाहीत.